निवृत्तीनंतर माजी सैनिकांसाठी काम करायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

गनर, नाशिकरोड:
तोफखान्यातून हवालदार म्हणून मी लवकरच निवृत्त होत असून नाशिकरोडलाच स्थायिक होणार आहे. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे) येथेच कॅम्पात असूनही जिल्ह्यातील अनेक जुन्या जवानांची पेन्शनची कामे अडलेली दिसतात. निवृत्तीनंतरची नवी नोकरी सांभाळून त्यांना मदत करावी, असा विचार आहे. त्यासाठी संस्था नोंदवावी का?

माजी नायब सुभेदार, सिन्नर:
संस्था नको; हार-तुरे आणि अध्यक्षपदाचे वाद यांतच वर्षे जातात. खरी अडचण नावांची आहे. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, पत्नीचे नाव एक, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरीच, आणि हे उघडकीस येते ते जवान गेल्यावर, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज अडतो तेव्हा. म्हणून पेन्शनर हयात असतानाच डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीची पुस्तिका), पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून तपासा आणि तफावत असल्यास अभिलेख कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्या. ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर दरवर्षी हयातीचा दाखला न दिल्यास पेन्शन थांबते, हेही वयस्कर मंडळींना वेळेआधी सांगावे लागते. नोकरी घ्याच, परंतु आठवड्याची सुट्टी कामाच्या दिवशी मागून घ्या. शनिवार-रविवारी सरकारी कार्यालये बंद असतात.

माजी सैनिकाची मुलगी, निफाड:
दादा, एक विनंती. मदत करणाऱ्या एका गृहस्थांनी आईच्या खात्याला स्वतःचाच मोबाईल क्रमांक जोडला होता. हेतू चांगला असेलही, पण पुढे प्रत्येक ओटीपीसाठी आईला त्यांच्या दारी जावे लागले. कोणाचाही पासवर्ड स्वतःकडे ठेवू नका. शक्य असेल तर वहिनींनाही सोबत आणा, कारण खात्यात किती पैसे येतात हे आमच्या गावातील विधवा स्त्रिया परक्या पुरुषाला सांगत नाहीत.

माजी नायब सुभेदार, सिन्नर:
ताईंचे म्हणणे योग्य आहे. आणखी एक सांगायचे राहिले. पेन्शनसाठी जवानाची साधारण 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरी आलेल्यांकडे कोणाचे लक्षच नसते. हवालदार किंवा त्याखालील पदाच्या, पेन्शन नसलेल्या आणि वयाची 65 वर्षे ओलांडलेल्या गरजू माजी सैनिकांना संरक्षणमंत्र्यांच्या कल्याण निधीतून साहाय्य मिळू शकते व त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. गावोगावी अशी माणसे शोधणे हे काम कार्यालयात बसून होणारे नाही.

गनर, नाशिकरोड:
आभारी आहे, साहेब. संस्थेचा विचार सोडला. ताई, पत्नीशी बोललो. ती यायला तयार आहे. सिन्नर तालुक्यातील पेन्शन नसलेल्यांची नावे आपल्याकडे असतील, तर पुढील आठवड्यात भेटायला येतो.