‘संकेतबद्ध’, ‘कूटबद्ध’ की नुसते ‘पासवर्ड लावलेले’?

प्रश्न : सांगलीतील एका कर सल्लागारांकडे मी काम करतो. हळद व्यापाऱ्यांची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे ईमेलने पाठवण्यापूर्वी त्या फाइली एन्क्रिप्ट कराव्यात (म्हणजे किल्ली किंवा पासवर्ड नसलेल्याला वाचता येऊ नयेत अशा कराव्यात), अशी सूचना मला मराठीत लिहायची आहे. ‘सांकेतिक भाषेत रूपांतर करावे’ असे मी लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘म्हणजे मोडीत लिहायचे काय?’ असे विचारले. नेमका शब्द कोणता?

उत्तर : त्यांच्या थट्टेतच खरा भेद आहे. मोडी ही लिपी आहे. ती शिकलेल्या कोणालाही साताऱ्याच्या छत्रपतींचे कागद वाचता येतात. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत हा संकेत आहे. खुणा ज्याला ठाऊक, त्याला सौदा कळला. एन्क्रिप्शनमध्ये मात्र रीत लपवलेली नसते. एईएस ही एन्क्रिप्शनची रीत २००१ मध्ये अमेरिकेचे मानक म्हणून उघडपणे प्रसिद्ध झाली, तिचे गणित कोणीही वाचू शकतो, आणि तरीही १२८, १९२ किंवा २५६ बिटांची किल्ली (गुप्त अंकमालिका) हाती नसेल तर मजकूर उलगडत नाही. म्हणून ठरलेल्या खुणांत मजकूर मांडण्याला, म्हणजे एन्कोडिंगला, ‘संकेतबद्ध करणे’ आणि एन्क्रिप्शनला ‘कूटबद्ध करणे’ म्हणावे. ‘कूट’ शब्दाला कपटाचाही वास आहे, हे खरे. परंतु कूटप्रश्नातले कूट उकलावे लागते, त्यामुळे उलट क्रियेसाठी ‘उकल’ हा घरचाच शब्द मिळतो.

दुसरे उत्तर : ‘कूटबद्ध’ मान्य, पण कार्यालयात सगळे ‘फाइलला पासवर्ड लावला’ असेच म्हणतात आणि घोटाळा तेथेच होतो. एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’चा पासवर्ड केवळ फेरफार अडवतो, फाइल उघडते आणि आकडे दिसतात. फाइल उघडतानाच पासवर्ड मागितला जाईल अशी सोय वापरली, तरच आतला मजकूर कूटबद्ध होतो. नेहमीच्या झिप फाइलीत तर पासवर्ड लावूनही आतल्या फाइलींची नावे वाचता येतात, तेव्हा त्या नावांत पॅन क्रमांक घालू नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सूचना आता अशी लिहिली आहे : ‘उघडण्यासाठीचा पासवर्ड लावून फाइल कूटबद्ध करावी, आणि तो पासवर्ड ईमेलमध्ये न लिहिता पक्षकारास फोनवर सांगावा.’ ज्येष्ठ सहकाऱ्यांची हरकत आता फक्त ‘पक्षकार’ शब्दाला आहे. त्यांना ‘अशील’ हवे.