जुन्या शिडाच्या बोटीतलं गोडं पाणी मचूळ लागतंय – मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

दोन महिन्यांपूर्वी मी आणि नवऱ्याने एक ३४ फुटी शिडाची बोट घेतली. फायबरग्लासची, १९८३ च्या बांधणीची. घेताना शिडं, डोलकाठीच्या तारा, इंजिन सगळं जाणकारांकडून तपासून घेतलं. पाण्याचं मात्र नळ सोडून पाहिलं, धार आली, पुढे गेलो. आता दहा-बारा दिवस सलग बोटीवर राहायचा बेत आहे आणि त्याआधी गोड्या पाण्याची सगळी व्यवस्था नीट लावून घ्यायची आहे.

कागदपत्रांत पाण्याच्या पाइपांचा नकाशा नाही. म्हणून एक अख्खा दिवस फळ्या उचलून, विजेरी घेऊन, पाइप कुठून कुठे जातो ते शोधत वहीत काढलं. स्टेनलेस स्टीलच्या दोन टाक्या आहेत. एक पुढच्या टोकाच्या बिछान्याखाली, ११० लिटरची. दुसरी बैठकीच्या उजव्या बाकाखाली, १४० लिटरची. दोन्हींचे पाइप सिंकखाली एका टी-जोडात येतात. तिथून गाळणी, मग १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, आणि पुढे एक फाटा गार पाण्याला, एक इंजिनच्या उष्णतेवर चालणाऱ्या गीझरला. पाइप बहुतेक ठिकाणी करडे, कडक, मूळचेच असावेत. मध्ये मध्ये कुणीतरी पारदर्शक नळीचे तुकडे जोडलेत, त्यांच्या आतून हिरवट थर दिसतो.

सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे पाणी मचूळ लागतं, आणि तेही कधी कधीच. धक्क्याला उभं असताना चार दिवस पाणी छान असतं. दिवसभर शिडावर फिरून आलं की चहाचा पहिलाच घोट सांगतो की काहीतरी बिघडलंय. पण प्रत्येक फेरीनंतर असं होत नाही. डेकवरच्या भरणीच्या झाकणाची रबरी रिंग बदलली, फरक पडला नाही.

दुसरं, पंप रात्री आपोआप चालतो. सगळे नळ बंद असताना वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा 'घर्रर्र' करून दोन सेकंद फिरतो आणि थांबतो. तळात पाणी साठलेलं नाही, हात फिरवून पाहिला, कोरडं आहे.

नवा पंप, नवे पाइप, नव्या टाक्या, सगळं एकदम करावं का? की आधी काही वेगळं पाहावं? विजेवर चालणारा पंप ठेवावा की पायपंप बसवावा? ज्यांनी जुन्या बोटीत हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांचे अनुभव कृपया सांगा.

प्रतिसाद १

सगळं काढून टाका आणि नव्याने करा. चाळीस वर्षांच्या पाइपांवर वेळ घालवू नका. पंपही मोठा घ्या.

प्रतिसाद २

वरच्या मताशी सहमत नाही. दोष कुठे आहे ते कळायच्या आत सगळं बदललं तर खारं पाणी नव्या टाकीतही येईल.

ताई, तुम्ही स्वतःच खूण दिली आहे: 'प्रत्येक फेरीनंतर होत नाही'. मला एवढंच सांगा, ज्या दिवशी पाणी मचूळ झालं त्या दिवशी बोट जास्त वेळ कोणत्या कुशीवर कललेली होती? आणि टाक्यांच्या हवेच्या नळ्या कुठे उघडतात? टाकीत पाणी भरताना आतली हवा बाहेर जायला आणि पाणी काढताना हवा आत यायला प्रत्येक टाकीला एक बारीक नळी असते. जुन्या बोटींत ती बऱ्याचदा बोटीच्या बाहेरच्या अंगाला, डेकच्या कडेखाली उघडते. बोट सरळ असताना ते भोक पाण्याच्या बरंच वर असतं. वारा चढला, बोट त्या कुशीवर कलली की तेच भोक लाटेखाली जातं आणि समुद्र थेट टाकीत उतरतो.

दुसरी गोष्ट त्या टी-जोडाची. दोन टाक्या आणि मध्ये व्हॉल्व्ह नाही, हे बरोबर नाही. बोट उजवीकडे कलली की पुढच्या टाकीतलं पाणी हळूहळू खालच्या अंगाच्या टाकीत जातं. अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, त्यातला मोठा हिस्सा नको त्या बाजूला. शिवाय एका टाकीत खारं शिरलं की दोन्ही टाक्या हातच्या गेल्या. प्रत्येक टाकीला तिचा स्वतंत्र बॉल व्हॉल्व्ह द्या आणि एका वेळी एकच उघडा. हे काम पंपाच्या आधी करा.

तपासणीसाठी साधा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा, पुरतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १४० लिटरच्या भरलेल्या टाकीत एक लिटर जरी शिरलं तरी आकडा २५० च्या आसपास वाढतो. निघण्यापूर्वी मोजा, एकाच कुशीवर दोन तास चाला, परत मोजा. जिभेपेक्षा खात्रीचं.

आणि हे निस्तरेपर्यंत प्यायचं पाणी कॅनमध्ये वेगळं ठेवा.

प्रतिसाद ३

पंपाबद्दल सांगतो. पाइपांतला दाब उतरला की हा पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद असताना तो फिरतो याचा अर्थ दाब कुठेतरी उतरतोय. दोनच वाटा: पाणी पुढे कुठेतरी ठिबकतंय, नाहीतर मागे टाकीकडे परततंय. तुमचा तळ कोरडा आहे म्हणून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण गृहीत धरू नका. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवा आणि रात्रभर पंप चालू राहू द्या. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी कुठे जाते तेही पाहा. ती सिंकच्या निचऱ्यात सोडलेली असेल तर ठिबकणारं पाणी तळात कधीच दिसणार नाही.

घड्या कोरड्या निघाल्या तर पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला बूच मारा. तरीही पंप अधूनमधून फिरला तर पंपाच्या आतला व्हॉल्व्ह पाणी धरत नाही. बहुतेक वेळा त्यात कचरा अडकलेला असतो. चार स्क्रू काढून डोकं उघडता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस याच कामात घालवले.

हवेच्या नळ्या शोधल्या. पुढच्या टाकीची नळी आतच, नांगराच्या साखळीच्या कप्प्यात उघडते. उजव्या टाकीची बाहेर, डेकच्या कडेखाली जेमतेम एक वीत. नवऱ्याने सुकाणू धरलं आणि दोन तास उजव्या कुशीवर बोट चालवली. मी डेकच्या कडेला पालथी पडून त्या भोकाकडे बघत होते. पितळी टोपी आहे, करंगळीएवढ्या तोंडाची. झुळूक असेपर्यंत ती कोरडी होती. वारा वाढला तशी ती दर तिसऱ्या-चौथ्या लाटेला पाण्यात जायला लागली, आणि वर आली की तिच्यातून बुडबुडे निघायचे. बुडबुडे म्हणजे आतली हवा बाहेर येत होती, तिची जागा पाणी घेत होतं. ते पाहून मला खरंच बरं वाटलं, कारण इतके दिवस टाकी फुटली असेल या काळजीत होते.

निघताना मीटरवर १८०, परतल्यावर ९३०. प्रतिसाद २ च्या हिशोबाने तीन लिटर समुद्र. डाव्या कुशीवर चाललो त्या दिवशी आकडा हलला नाही.

टिश्यूच्या घड्या सगळ्या कोरड्या. बूच मारूनही पंप फिरला, मग उघडला. आतल्या व्हॉल्व्हच्या रबरी पडद्याच्या कडेला पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक तुकडा दुमडून बसला होता, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. गाळणीची जाळी एका बाजूने फाटलेली, तिथूनच तो आत गेला असणार. तुकडा काढला, जाळी नवी घातली. दोन रात्री पंप शांत आहे.

आता हवेची नळी कुठे न्यावी? आणि करड्या पाइपांचं काय करू?

प्रतिसाद २

छान शोधलंत! नळी बोटीच्या आत घ्या. टाकीतून निघाली की सरळ वर, डेकच्या छताखाली जितकी उंच जाईल तितकी, शक्यतो बोटीच्या मधल्या रेषेजवळ, म्हणजे कुठल्याही कुशीवर कललं तरी ती टाकीतल्या पाण्याच्या वरच राहील. शेवटचं टोक खाली वळवा आणि तोंडाला बारीक जाळी लावा, किडे-मुंग्या जात नाहीत. वाटेत कुठेही नळीला झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साठतं आणि हवेची वाट बंद होते. मग टाकी भरताना पाणी उसळून वर येतं, आणि पंप चालला की टाकीत ओढ तयार होऊन धार बारीक होते. बाहेरचं भोक नीट बुजवा.

एक सवय आताच लावून घ्या. टाकी भरताना धक्क्यावरची पाण्याची नळी डेकवरच्या भरणीच्या भोकात घट्ट कोंबू नका, सैल ठेवा. धक्क्यावरच्या नळाचा दाब बारीक हवानळीला झेपत नाही आणि मग स्टीलच्या टाकीचेसुद्धा पत्रे फुगतात. फुगलेल्या टाकीने वरची बाकाची फळी उचललेली मी पाहिली आहे.

प्रतिसाद ४

करडे पाइप पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे असण्याची शक्यता दाट आहे. त्या काळी घरांत आणि बोटींत ते सर्रास घालत. पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होतात आणि जोड धक्का लागला की सुटतात. तुमचे आज कोरडे आहेत म्हणून घाई नको, पण मोठ्या फेरीआधी बदलाच. पंपाच्या पुढे १५ मिमीचा अर्धकडक पाइप आणि दाबून बसणारे जोड सोपे पडतात. कात्रीने नाही, पाइप कटरने काटकोनात कापा आणि आत आधाराची नळी घालायला विसरू नका. पंपाच्या मागे, म्हणजे टाकीकडच्या बाजूला, तारेची किंवा दोऱ्याची वीण असलेली जाड नळी हवी. पातळ नळी ओढीने चिकटते. पारदर्शक नळ्या आजच काढा, उजेड लागला की शेवाळ येणारच. गीझरकडच्या फाट्याला गरम पाण्यासाठीच बनवलेला पाइप घ्या, साधी पीव्हीसी नळी तिथे मऊ पडून क्लॅम्पमधून निसटते.

धातूचा आटा प्लास्टिकच्या जोडात पिळू नका, प्लास्टिक तडकतं. आणि टेफ्लॉन टेप आट्याच्या पहिल्या वेढ्यावर लावू नका. तिथलीच टेप सुटून पाण्यात जाते.

प्रतिसाद ३

टाक्या धुवायचं राहिलं. वास नसलेलं, साबण न मिसळलेलं साधं ब्लीच, ५ टक्क्यांचं, १०० लिटरला १०० मिली. म्हणजे क्लोरीन ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) होतं. तुमच्या दोन्ही टाक्यांना मिळून २५० मिली. टाकीत नुसतं ओतू नका, बादलीभर पाण्यात मिसळून घाला, मग टाकी काठोकाठ भरा. प्रत्येक नळ, गरम आणि गार दोन्ही, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा. तीन-चार तास ठेवून काढून टाका आणि दोन-तीनदा ताज्या पाण्याने खंगाळा. रात्रभर ठेवू नका, स्टेनलेस स्टीललाही क्लोरीन खातं. कार्बन फिल्टर असेल तर त्याआधी काडतूस काढा. आणि तो फिल्टर बसवायचाच झाला तर प्यायच्या नळाआधी बसवा, टाकीआधी नको. टाकीत क्लोरीन राहिलेलं बरं असतं.

प्रतिसाद ५

पायपंपाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं छोट्या बोटीवर राहतेय. विजेचा पंप ठेवा, पण सिंकला एक पायपंप बसवाच, टाकीतून थेट वेगळ्या नळीने. बॅटरी गेली, पंप गेला तरी पाणी हाताशी राहतं. दुसरं म्हणजे पाणी किती जातं ते पायाला कळतं. दाबाच्या नळाखाली एक ताट धुताना दोन लिटर कधी गेले ते समजत नाही, पायपंपावर अर्ध्या लिटरात होतं. आमचं पाणी जवळजवळ दुप्पट दिवस पुरायला लागलं.

बोट सोडून जाताना पंपाचा स्विच बंद करायचाच. तुम्ही नसताना कुठे एक जोड सुटला तर पंप सगळी टाकी तळात रिकामी करतो आणि मग कोरडा फिरत राहतो.

धागाकर्ती

हे सगळं वहीत उतरवलं. आधी दोन बॉल व्हॉल्व्ह आणि उजव्या टाकीची हवानळी, मग ब्लीच, मग पाइप, आणि पायपंप सिंकच्या डाव्या पायाशी. पंप आहे तोच ठेवतोय.

एकच राहिलं. पुढच्या टाकीची हवानळी साखळीच्या कप्प्यात उघडते ती तशीच ठेवली तर चालेल ना? आत आहे म्हणून विचारते.

प्रतिसाद २

नका ठेवू. समोरून लाट आली की त्या कप्प्यात डेकवरून पाणी उतरतं, आणि नांगर ओढला की साखळीबरोबर चिखलही येतो. तीही नळी मागे आणून पहिलीच्या शेजारी छताखाली बांधा. दोन्हींवर टाकीचं नाव लिहून ठेवा, म्हणजे भरताना कुठल्या टोकातून पाणी आलं ते लगेच कळेल.