हिमनदी खालून कशी काय वितळते?

मिसळपाववाला: ग्रीनलंडच्या इलुलिसातचा व्हिडिओ बघितला, तिथली याकोब्सहाव्न हिमनदी थेट फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद, खोल खाडीत) उतरते आणि इमारतीएवढे तुकडे धडाधड पडतात. खाली लिहिलंय की खोलवरच्या उबदार पाण्याने बर्फ वितळतोय. पण गरम पाणी वर येतं ना? शाळेत तर हेच शिकलो.

खाडीकाठचा: मीठ विसरलात राव. अटलांटिककडून येणारं पाणी उबदार असलं तरी जास्त खारं, म्हणून जड, ते दोनेकशे मीटरच्या खाली राहतं आणि वर आर्क्टिकचं थंड, कमी खारं पाणी. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीत वर गोडं पाणी न् तळाला खारं असतं, तसंच. आणि उबदार म्हणजे अंघोळीचं नव्हे हां, शून्याच्या वर दोन-तीन अंश, पण बर्फाला तेवढं बास.

मिसळपाववाला: अच्छा. मग हवा तापली त्याचा काही संबंधच नाही?

दुपारचा_चहा: आहे की, खरी गंमत तिथेच आहे. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ते पाणी विहिरीसारख्या भोकांतून थेट तळाला जातं आणि हिमनदीच्या पायथ्याशी समुद्राच्या आत बाहेर पडतं, गोडं म्हणून हलकं, त्यामुळे बर्फाच्या भिंतीला घासत वर उसळतं आणि जाताजाता आजूबाजूचं उबदार खारं पाणी ओढून घेतं. सरबत ढवळलं की बर्फ पटकन विरघळतो ना, तसं. पायथा पोखरला की वरचा भाग छज्जासारखा लोंबकळतो न् कोसळतो.

खाडीकाठचा: शिवाय फ्योर्डच्या तोंडाशी पाण्याखाली उंबरठा असतो, तो किती खोल आहे त्यावर उबदार पाणी आत येणार की नाही ते ठरतं.

शंकासुर: पण हीच हिमनदी मध्यंतरी पुढे सरकली होती ना? म्हणजे सगळं ठीक चाललंय की.

दुपारचा_चहा: सरकली होती, पण का ते बघा. १९९७ च्या सुमारास तिथे उबदार पाणी पोचलं, २००३ पर्यंत तिची तरंगती जीभ, म्हणजे समुद्रावर तरंगणारं पुढचं टोक, तुटून गेली. ती जीभ म्हणजे बाटलीचं बूच, ते गेल्यावर मागचा बर्फ सुसाट, २०१२ च्या उन्हाळ्यात तर दिवसाला ४० मीटरच्या वर. मग २०१६ पासून थंड पाणी आलं, वेग कमी झाला आणि टोक वितळणं-तुटणंही कमी झालं, म्हणून ती पुढे सरकली. म्हणजे समुद्राचा हात केवढा आहे ते उलट यातूनच कळतं.

शंकासुर: हम्म. हे पटलं. पण तरंगता बर्फ वितळून पाणी वाढत नाही हे तरी खरं ना?

खाडीकाठचा: खरंय, पण बुचामागचा बर्फ जमिनीवर टेकलेला आहे हो, तो समुद्रात आला की पाणी वाढतंच.