जुनं वॉशिंग मशीन टिकायचं ते मजबूत होतं म्हणून, की उघडता यायचं म्हणून?

गोदाकाठ
वहिनीचं फ्रंट लोड (समोरून कपडे टाकायचं) मशीन सहाव्या वर्षी घरघरायला लागलं. मेकॅनिकनं ड्रम हातानं फिरवून पाहिला आणि बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते कडं, गेल्याचं सांगितलं. बेअरिंग बाजारात काही शे रुपयांना मिळतं. पण ते ज्या प्लॅस्टिकच्या टबात बसवलंय, त्याचे दोन अर्धे कारखान्यातच वितळवून कायमचे जोडलेले. म्हणजे ड्रमसकट अख्खा टब बदलायचा आणि नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त पैसे मोजायचे. वहिनीनं नवीन घेतलं. मोटर, मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, पंप सगळं धडधाकट असलेलं मशीन भंगारात गेलं.

आईकडे नव्वदच्या दशकातलं सेमी-ऑटोमॅटिक अजून चालू आहे. त्याचा पट्टा, कपॅसिटर, स्पिनचं सील, टायमर, सगळं कधी ना कधी बदललंय. तेही बिघडत होतं, पण बिघडलेला भाग सुटा निघायचा आणि गल्लीतला माणूस तो बसवायचा. माझ्या मते खरा टिकाऊपणा तोच होता आणि ग्राहकांनी तो परत मागायला हवा.

यंत्रवेडा
असहमत. मी याच क्षेत्रात डिझाइनचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या आईंचं मशीन दिसतं, कारण ते टिकलं. त्याच वर्षी विकली गेलेली बाकीची कधीच वितळवली गेली. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

दुसरं, तुलना सारख्या वस्तूंची हवी. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे दोन मोटर, दोन चावीचे टायमर आणि एक पट्टा. त्यात हीटर नाही, आपोआप पाणी घेणं-सोडणं नाही, कपड्यांच्या वजनाप्रमाणे पाणी ठरवणं नाही. जे नाहीच ते बिघडणार कुठून?

तिसरं, टब जोडून टाकतात त्यामागे कारण आहे. बोल्ट आणि रबरी सील असलेला टब गळण्याची शक्यता जास्त, जुळवायला वेळही जास्त. एके काळी वॉशिंग मशीनसाठी मध्यमवर्गीय घर काही महिन्यांचा पगार साठवायचं. आज ते हप्त्यावर सहज येतं, ते अशाच बदलांमुळे.

सकाळची_लोकल
यंत्रवेडा यांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं आहे.

सेमी-ऑटोमॅटिकजवळ कोणीतरी उभं राहावं लागतं. पाणी भरा, टायमर फिरवा, ओले जड कपडे उचलून शेजारच्या टबात टाका, खळबळायला पुन्हा इकडे आणा, पुन्हा पिळायला तिकडे. चादरी एका बाजूला झाल्या की स्पिनर थडाथडा आपटतो, मग झाकण उघडून परत नीट लावा. हे कोणी केलं? आमच्या घरी आईनं, ऑफिसला जायच्या आधी. मशीन पंचवीस वर्षं टिकलं याचं कौतुक करताना त्या पंचवीस वर्षांतली तिची पाठदुखीही धरा. माझं फुली ऑटोमॅटिक दहा वर्षांत गेलं तरी मला ते महाग पडलं नाही.

दुरुस्तीवाला_नाशिक
बावीस-तेवीस वर्षं हेच काम करतोय, दोन्ही बाजूंचं सांगतो.

जुनं सगळं लोखंडासारखं होतं हे खरं नाही. पत्र्याच्या बॉडीची मशीन बाथरूममध्ये खालून सडायची. किनारपट्टीवर तर बघायलाच नको. आताची प्लॅस्टिक बॉडी त्यापेक्षा बरी. स्पिनचा ब्रेक घासलेला असायचा आणि झाकण उघडलं तरी टब फिरत राहायचा, ते धोक्याचंच होतं. उलट, जुन्या मोटरचं वायंडिंग तांब्याचं असायचं, जळलं तरी पुन्हा भरून मिळायचं. स्वस्त मशीनमध्ये आता ॲल्युमिनियमची तार येते. ती भरण्यापेक्षा मोटर बदललेली परवडते.

फ्रंट लोडमध्ये बेअरिंगआधी सील जातं. सीलमधून पाणी झिरपून बेअरिंग गंजतं, आणि मशीन पिळताना विमानासारखा आवाज करतं. ड्रमच्या मागे तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो. त्यावर साबणाचा थर बसून तो आतून खात जातो, आणि एक दिवस पाय तुटतो. बोअरच्या पाण्यात हीटरवर क्षाराचा जाड थर चढतो. खालून उघड्या मशीनमध्ये उंदीर वायरी कुरतडतात.

आणि बोर्ड. बोर्डावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारा राळेसारखा थर, ओतलेलं असतं. आत एक रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा भाग) गेला असला तरी तिथवर हातच पोहोचत नाही, मग पूर्ण बोर्ड बदला. जाहिरातीत ठळक दहा वर्षं लिहिलेली असतात ती मोटरची. पूर्ण मशीनची हमी बहुधा दोन वर्षांची. मोटर क्वचितच जाते, बोर्ड जातो.

व्हिडिओकॉनचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला होता. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तरी त्यांच्या सेमी-ऑटोमॅटिकचे पट्टे, कपॅसिटर, टायमर मला आजही मिळतात, कारण ते भाग त्या एका कंपनीचे नव्हतेच. थोड्याफार फरकानं सगळ्यांना तेच चालतात. आज बोर्डावर चालणाऱ्या मशीनची कंपनी बंद पडली, तर त्या मशीनचं काय करायचं ते यंत्रवेडा साहेबांनी सांगावं.

यंत्रवेडा
दादा, रेझिनबद्दल एवढंच, की ते दुरुस्ती अडवायला ओतत नाहीत. ओल्या बाथरूममध्ये, झुरळं-पालींच्या वावरात उघडा बोर्ड किती दिवस जगेल? रेझिन नसतं तर तुमच्याकडे तिप्पट बोर्ड आले असते. कंपनी बंद पडण्याच्या मुद्द्यावर मात्र तुमचं बरोबर आहे. बोर्ड प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि तो तसा असण्याची तांत्रिक गरज फार थोडी आहे.

नेकारकाठ
मी जर्मनीत राहते. इथल्या संघीय पर्यावरण संस्थेनं यावर अभ्यास करवून घेतला होता. जुनं बदलून नवीन मोठं घरगुती उपकरण घेणाऱ्यांपैकी, आधीचं पाच वर्षांच्या आतच बिघडलं म्हणून घेणारे २००४ मध्ये ३.५ टक्के होते, २०१२ मध्ये ८.३ टक्के झाले. म्हणजे "पूर्वीचं टिकायचं" ही नुसती आठवण नाही. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बदललेल्या उपकरणांपैकी जवळपास एक तृतीयांश चालू स्थितीत होती. लोकांना नवीन हवं होतं, म्हणून बदलली.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना द्यावेच लागतात. यादीत मोटर, पंप, हीटर, ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग आहेत. मात्र ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग सुटे किंवा एकत्र, कसेही विकायला मुभा आहे. गोदाकाठ ताई, म्हणजे तुमच्या वहिनींना इथेही कदाचित अख्खा टबच घ्यावा लागला असता.

मांजराकाठ_लातूर
तुम्ही सगळे नळाला पाणी आहे असं धरून बोलताय. २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात शेजारचं फ्रंट लोड नुसतं शोभेला होतं. त्याला नळाचा दाब लागतो, नाहीतर एरर दाखवून उभं राहतं. आमच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीनं पाणी ओतायचो. त्याच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि खळबळलेलं पाणी संडासला. फ्रंट लोड एका धुण्याला कमी पाणी घेतं, कबूल. पण पाणी कधी आणि किती वापरायचं हे माझ्या हातात राहत नाही. जे मशीन टंचाईत चालत नाही, त्याला मी टिकाऊ म्हणणार नाही.

उंबरठा
इस्त्रीचंही तेच. जुन्या जड इस्त्रीत अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली तार असायची. ती जळली की रस्त्यावरचा दुरुस्तीवाला तासाभरात नवा एलिमेंट टाकून द्यायचा. आता एलिमेंट तळपट्टीतच ओतलेला असतो. गेला की इस्त्री गेली.

गोदाकाठ
सकाळची_लोकल, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आईनं सेमी-ऑटोमॅटिकच वापरावं असं मी म्हणत नाही. बाईचे श्रम वाचवणारं मशीन हवंच. पण श्रम वाचवायचे तर टब जोडबंदच हवा, हे कुठून आलं? या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

यंत्रवेडा, गळतीचं कारण मी मानते, पण बोल्टचे टब असलेली फ्रंट लोड मशीनही बाजारात आहेत. ती काही घराघरांत गळत बसलेली नाहीत. आणि एक सील कमी करून वाचलेले पैसे कारखान्याचे. सहा वर्षांनी होणारा खर्च वहिनीचा.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राईट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्या माहिती देतात. पण टब उघडतो की नाही, बोर्ड किती वर्षं मिळेल, हे मशीनवरच छापण्याची सक्ती नाही. वीजबचतीचे स्टार छापतात, तसं हेही छापायला लावलं पाहिजे.

यंत्रवेडा
छापण्याला माझा विरोध नाही. जोडबंद टबावर बंदी घालायला आहे. ज्याला स्वस्त हवं, त्याला स्वस्त घेऊ द्या.

दुरुस्तीवाला_नाशिक
साहेब, स्वस्त घेणाऱ्याला दुकानात हे कोण सांगतं? दुकानदारालाच माहीत नसतं. सध्या एक करा. घेण्याआधी मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि विचारा, बेअरिंग सुटं बदलता की टबासकट, आणि बोर्डाची आजची किंमत किती. बोर्ड मशीनच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला, तर मी गिऱ्हाइकाला दुसरं मॉडेल बघायला सांगतो.

सकाळची_लोकल
दादा, टॉप लोडला पण हेच विचारायचं का? आमचं बदलायला झालंय.

दुरुस्तीवाला_नाशिक
टॉप लोडला बोर्डाचं आणि गिअरबॉक्सचं विचारा. आणि पाणी बोअरचं आहे का, ते आधी मला सांगा.