गाड्या समोरासमोर: वेग मिळवायचा की वजा करायचा?

(सोसायटी ग्रुप, चाळीसगाव)

बी-४, ताई: मुलगा संध्याकाळपासून एका गणितावर अडलाय. १५० मीटरची गाडी ताशी ५४ किमीने, समोरून १०० मीटरची ताशी ३६ ने. एकमेकींना पूर्ण ओलांडायला किती वेळ? पुस्तकात १० सेकंद, त्याचं ५० येतंय.

सी-१: समोरासमोर बेरीज, एका दिशेला वजाबाकी. पाठ करून घ्या त्याच्याकडून.

ए-२, आबा: भाऊ, पाठ केलेलं पेपरात नेमकं उलटं आठवतं. ताई, त्याला खिडकीत बसवा. मनमाडला जाताना समोरून डाऊन गाडी आली की झर्रकन जाते ना? आपली गाडी उभी आहे असं मानायचं, मग दोघींचा वेग त्या एकटीच्या अंगात येतो. ५४ + ३६ = ९०. किलोमीटरचे मीटर, तासाचे सेकंद केले की ५/१८ ने गुणायचं, म्हणजे सेकंदाला २५ मीटर.

बी-४, ताई: आणि अंतर? तो म्हणतो १५० घ्यायचं की १००?

ए-२, आबा: दोन्ही. मी नोकरीभर गार्डच्या डब्यात, गाडीच्या शेपटाला बसलो. इंजिनं भेटली तरी माझं ओलांडणं बाकीच असायचं. त्या गाडीचा गार्ड माझ्यासमोर आला की झालं पूर्ण. म्हणून १५० + १०० = २५०. भागिले २५, दहा सेकंद.

बी-४, ताई: मग ५० कुठून आले?

ए-२, आबा: ५४ वजा ३६, १८. म्हणजे सेकंदाला ५ मीटर. २५० भागिले ५. लांबी त्यानं बरोबर धरली, आकडेमोड चोख आहे. फक्त गाड्या एका दिशेला पळवल्या. रागावू नका पोरावर.

बी-४, आजी: मन्हा नातूले आते समजनं, आबा 🙏

ए-५: आबा, त्याला लीलावतीतलं मोराचं गणितही द्या. आपल्या पाटणच्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. त्या मातीतल्या पोराला हे यायलाच हवं.

ए-२, आबा: देतो. ९ हात खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघाला, मोराने तिरकी झेप घेतली. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडली? वेग सारखा म्हणजे दोघांचं अंतरही सारखं, एवढंच सांगतो. पुढे पायथागोरस.

(सकाळी ६:५०)

बी-४, ताई: आबा, मीच लिहितोय, आईच्या फोनवरून. १२ हात. दोघं १५-१५ हात गेले.

ए-२, आबा: बरोबर! संध्याकाळी वही घेऊन वर ये. प्रवाहातल्या नावेचं करू.