टीव्ही आणि मोबाइलसाठी स्ट्रीमिंग ॲपची फेररचना: सीमाभागातील घरांचा विचार कसा करावा?

प्रश्न: टिळकवाडीकर, बेळगाव

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि कारवार या भागांतील प्रेक्षकांसाठी नाटके, कीर्तने, कुस्तीची मैदाने आणि मुलांच्या गोष्टी दाखवणारे एक छोटे ॲप आमचा गट चालवतो. ते मुळात मोबाइलसाठी बांधलेले असून टीव्हीवर तीच मांडणी मोठी होऊन दिसते. आता अनेक घरांत ते टीव्हीवर पाहिले जाऊ लागले आहे आणि आम्ही दोन्हींची फेररचना हाती घेतली आहे.

प्रेक्षकांचे म्हणणे असे की, टीव्हीवर आपण नेमक्या कोणत्या चित्रावर आहोत हे कळत नाही, शोध घेणे फार कष्टाचे होते, मराठी शीर्षके खालून-वरून कापली जातात, आणि लॉगिनचा ओटीपी पुण्याला किंवा गोव्याला नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर जातो. शिवाय ठिकाण कर्नाटकातले दिसल्यामुळे ॲप आपोआप कन्नडमध्ये उघडते. एकच रचना दोन्ही पडद्यांवर बेतावी की दोन स्वतंत्र रचना कराव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर 1: निपाणीहून, टीव्ही ॲपवर काम करणारा

दोन स्वतंत्र रचना करा. मागचा साठा, खाते आणि पाहण्याचा इतिहास मात्र एकच ठेवा. मोबाइल एका माणसाच्या हातात असतो आणि त्याचे बोट हवे तिथे थेट पोहोचते. टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो, समोर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे बसलेले असतात आणि हातात असतात चार बाण, मधले ओके बटण आणि मागे जाण्याचे बटण. टीव्हीवर प्रत्येक गोष्टीची किंमत बटणाच्या दाबांत मोजावी लागते, म्हणून मोबाइलवरचा सोयीचा मेनू तिथे अडथळा ठरतो.

‘आपण कुठे आहोत’ हा प्रश्न फोकसचा, म्हणजे रिमोटने सध्या ज्या चित्रावर आलो आहोत ते दाखवणाऱ्या खुणेचा आहे. निवडलेले चित्र थोडे मोठे करणे आणि त्यामागे पुसट सावली देणे पुरेसे नसते, कारण स्वस्त पॅनेलवर आणि दिवसाच्या उजेडात ती सावली दिसतच नाही. चित्राभोवती जाड, ठळक चौकट द्या आणि शीर्षकाचा रंगही बदला. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, एखाद्या नाटकाची माहिती वाचून प्रेक्षक मागे आला की फोकस त्याच ओळीतील त्याच नाटकावर परत यायला हवा. तो पहिल्या ओळीच्या सुरुवातीला गेला, तर माणूस दोनदा प्रयत्न करतो आणि मग रिमोट दुसऱ्याच्या हाती देतो. कडेची जागाही सोडा. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून 1920 × 1080 च्या पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूंना सुमारे 96 आणि वर-खाली 54 पिक्सेल, म्हणजे प्रत्येक बाजूला 5 टक्के, महत्त्वाचा मजकूर ठेवू नये.

शोधाच्या बाबतीत एक उदाहरण बारकाईने पाहा. प्रेक्षकाला ‘कीर्तन’ लिहायचे आहे. वाचताना त्यात तीनच अक्षरे दिसतात, पण लिहिताना क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त आणि न असे सहा घटक निवडावे लागतात, आणि प्रत्येक घटकासाठी बाणांनी पडद्यावरच्या कळफलकावर प्रवास करावा लागतो. र्त साठी आधी र, मग हलन्त आणि मग त दाबायचा असतो, हे ज्याने कधी संगणकावर मराठी टंकले नाही त्याला कसे कळावे? म्हणून टीव्हीवरचा कळफलक शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमाने लावा, पहिले अक्षर निवडताच सुचवण्या दाखवा, आणि आवाजाने शोधण्याचे बटण अगदी वर ठेवा. ‘किर्तन’ असे ऱ्हस्व लिहिले किंवा रोमन लिपीत लिहिले तरी उत्तर तेच यायला हवे. मोबाइलवर शोधून तिथूनच ‘टीव्हीवर लावा’ म्हणण्याची सोय केलीत, तर टीव्हीवर टंकण्याची वेळ फारशी येणारच नाही.

फोकस नुसता थांबला की आवाजासह झलक सुरू होणे, हा प्रकार मात्र टाळावा. देवघराशेजारच्या खोलीत बसून यादी चाळणाऱ्या माणसावर अचानक आवाज आदळू नये. नेटफ्लिक्सनेही फेब्रुवारी 2020 मध्ये ही झलक बंद करण्याची सोय दिली.

उत्तर 2: खानापूर तालुक्यातून

भाषा आणि लॉगिन या दोनच गोष्टींवर लिहितो, कारण आमच्याकडे माणसे ॲप सोडतात ती याच ठिकाणी.

ठिकाणावरून भाषा ठरवणे सीमाभागात मुळातच चालत नाही. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत आजी मराठीशिवाय काही वाचत नाही, सून धारवाडकडची असल्याने कन्नडमध्ये सहज वावरते, आणि मुले शाळेत कन्नड शिकून घरी मराठी बोलतात. अशा घराला ‘कर्नाटक’ या एका शब्दावरून भाषा देणे हा त्या घरावर अन्याय आहे, आणि उद्या सगळ्यांवर मराठी लादली तर तोही तितकाच अन्याय होईल. पहिल्यांदा ॲप उघडताच विचारा. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहा, म्हणजे अनोळखी लिपीत अडकलेल्या माणसालाही आपली भाषा ओळखता येईल. मेनूची, आवाजाची आणि सबटायटलची भाषा स्वतंत्रपणे निवडता यावी, आणि ही निवड खात्याला न चिकटता प्रोफाइलला, म्हणजे एकाच खात्यातील त्या-त्या माणसाच्या कप्प्याला चिकटावी. कन्नड नाटक मराठी सबटायटलसह पाहणारी माणसे आमच्याकडे आहेत. त्यांना दरवेळी तेच बदल करायला लावू नका.

लॉगिनसाठी टीव्हीवर नंबर आणि ओटीपी टंकायला लावण्याची गरजच नाही. टीव्हीने एक छोटा कोड आणि क्यूआर दाखवावा, आणि ज्याच्या मोबाइलवर खाते आधीच उघडे आहे त्याने मान्यता द्यावी. ही पद्धत 2019 मध्ये आरएफसी 8628 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने प्रमाणित झाली असून, जिथे लोक रोमन कळफलक वापरत नाहीत तिथे केवळ अंकांचा कोड सोयीचा ठरतो, हेही त्यात नोंदवलेले आहे. तेव्हा अंकच वापरा आणि ते तीन-तीनच्या गटांत दाखवा. मग आईने गावातून फोन करून अंक वाचून दाखवले की मुलगा पुण्यात बसून टीव्ही सुरू करून देऊ शकतो. मात्र याच मार्गाने फसवणूकही होऊ शकते. म्हणून मान्यता मागणाऱ्या पानावर कोणत्या प्रकारचे यंत्र खात्यात येऊ पाहत आहे हे स्पष्ट मराठीत लिहा, आणि नंतर ते काढून टाकण्याची सोय सहज सापडेल अशा जागी ठेवा.

उत्तर 3: शहापूर, बेळगाव, अक्षरजुळणीचे काम

शीर्षके कापली जातात त्याचे कारण बहुधा ओळीची उंची रोमन अक्षरांना बेतून ठरवलेली असते, हे आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. ‘मूर्ती’ आणि ‘शृंगार’ हे शब्द टाकून पाहा, लगेच दिसेल. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी ठेवू नका. अक्षरांमध्ये जादा अंतर मुळीच देऊ नका, कारण त्याने शिरोरेषा तुटते. लांब शीर्षक आखूड करताना ठरावीक संख्येवर छाटले, तर जोडाक्षर मधूनच तुटते आणि शेवटी लोंबता हलन्त उरतो, म्हणून पूर्ण अक्षराच्या सीमेवरच छाटावे. मजकुराला ‘मराठी’ अशी भाषेची खूण लावा, कारण ल आणि श यांची मराठी वळणे अनेक फॉन्टमध्ये ती खूण असेल तरच दिसतात. 1080 च्या टीव्हीवर 24 पिक्सेलचे रोमन अक्षर कसेबसे वाचता येते. देवनागरी त्याहून मोठेच हवे.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनापासून आभार. कोडने लॉगिन आणि प्रोफाइलनिहाय भाषा या दोन गोष्टी आम्ही आधी घेतो. आणखी एक अडचण अशी की, जांबोटी-कणकुंबीकडच्या प्रेक्षकांचे नेटवर्क मध्येच जाते, आणि मोबाइलवर अर्धवट राहिलेले नाटक टीव्हीवर चुकीच्या जागेपासून सुरू होते.

उत्तर 4: निपाणीहून

या दोन्ही अडचणींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. नेटवर्क नसताना कोणी मोबाइलवर 40 व्या मिनिटापर्यंत पाहिले, रात्री घरी टीव्हीवर 60 व्या मिनिटापर्यंत पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल जोडला जाताच त्याने आपली जुनी नोंद वर पाठवली, तर शेवटी आलेली नोंद खरी मानणारा सर्व्हर प्रेक्षकाला 20 मिनिटे मागे ढकलतो. म्हणून नोंद कधी पोहोचली हे पाहू नका, ते दृश्य कधी पाहिले गेले ती वेळ नोंदीसोबत पाठवा आणि त्यावरून निर्णय घ्या. टीव्हीवर ‘घरचे सगळे’ असे एक सामाईक प्रोफाइल ठेवा आणि त्यावर पाहिलेले कोणाच्याही वैयक्तिक इतिहासात परस्पर घालू नका.

नेटवर्कसाठी मोबाइलवर डाउनलोड ही मुख्य सोय समजा. ती तीन मेनूंच्या आत दडवू नका. दर सेकंदाला 5 मेगाबिटने चालणारे चित्र तासाला सव्वादोन जीबी खाते, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक 40 मिनिटांत संपतो; 1 मेगाबिटला तोच तास अर्ध्या जीबीच्या आत बसतो. कीर्तनात आवाज स्वच्छ असला की लहान पडद्यावर तेवढे चित्र पुरते. म्हणून डाउनलोडच्या बटणावरच किती एमबी लागतील ते लिहा, आणि खानापूरच्या बाजारात वायफाय मिळताच पुढचा भाग उतरवून ठेवायचा की नाही, हे प्रेक्षकाला ठरवू द्या.