मदत हवी आहे: जुना फ्रिज विकताना पैसे कसे घ्यावेत?

आईचा जुना फ्रिज ऑनलाइन विकायला टाकलाय, किंमत ८,००० रुपये. एक जण घासाघीस न करता लगेच तयार झाला. 'फौजेत आहे, बदली झालीये' म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील! यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, म्हणून त्याला ब्लॉक केलं. पण आईने धास्ती घेतलीये, आणि फ्रिज न्यायला कुणी आलं तर घरी ती एकटीच असणार.

खऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यावेत? रोख घ्यावी तर ५०० च्या नोटा तिला पारखता येत नाहीत. यूपीआयचा स्क्रीनशॉट, मेसेज दोन्ही खोटे बनवतात. फ्रिज टेम्पोत चढवण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितली तर पुरेसं आहे का? अलीकडे कुणी असं सामान विकलं असेल तर कृपया सांगा.